हाताचं समीकरण, फुप्फुसाची गाठ : उष्णतेने कर्करोग मारण्याच्या संगणकीय गणिताचा इतिहास

विषयाचं नाव जड आहे, पण प्रश्न अगदी साधा आहे. तो आधी समोर ठेवू, मग इतिहासाकडे जाऊ.

फुप्फुसात दोन-अडीच सेंटिमीटरची गाठ आहे. रोग्याचं वय झालेलं, चार पायऱ्या चढल्या की दम लागतो. फुप्फुसाचा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया त्याला झेपणार नाही. अशा वेळी एक पर्याय असा असतो की सीटी स्कॅनमध्ये बघत बघत बरगड्यांमधून एक सुई थेट गाठीत न्यायची, सुईच्या टोकाशी उष्णता निर्माण करायची आणि गाठ जागच्या जागी मारायची. काम काही मिनिटांचं. पण सुई बाहेर काढल्यावर नेमकं किती मांस मेलं, हे त्या क्षणी कोणालाच उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. कमी मेलं तर वर्षभरात गाठ कडेने पुन्हा वाढते. जास्त मेलं तर मोठी रक्तवाहिनी किंवा श्वासनलिका जखमी होते. म्हणून हे आधीच संगणकावर करून बघता येईल का, असा विचार पुढे आला. आपण आज बघणार आहोत ते हेच : ही आकडेमोड कुठून आली, आणि फुप्फुसापाशी येऊन ती अडखळली का.

आगीने रोग जाळण्याची कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माला स्वतंत्र अध्याय आहे. त्यात आमच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली अशी की त्वचा, मांस, शिरा-स्नायू-सांधे यांसाठी डाग देण्याची साधनं वेगवेगळी सांगितली आहेत. त्वचेसाठी पिंपळी, शलाका वगैरे, मांसासाठी जांबवौष्ठ आणि इतर धातूंची साधनं, आणि त्याहून खोल जायचं असेल तर मध, गूळ, तेल-तूप. म्हणजे कोणत्या ऊतीला कशी आणि किती उष्णता, हा विचार तिथे आहे. दुसरी गोष्ट, भाजण्याचे चार प्रकार केले आहेत : प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. यातला ‘सम्यग्दग्ध’ हा शब्द लक्षात ठेवा. नीट भाजलेलं, कमीही नाही आणि जास्तही नाही. सुश्रुताला सगळं आधीच ठाऊक होतं असं आम्हाला म्हणायचं नाही, तो मोह आवरलेलाच बरा. पण प्रश्न मात्र तोच होता. फरक इतका की वैद्याला डाग डोळ्यासमोर दिसत होता आणि आपली गाठ छातीच्या आत आहे.

दिसत नाही ते मोजायचं कसं? इथे गणित येतं. उष्णता घन पदार्थातून कशी पसरते याचं समीकरण फ्रान्समध्ये जोसेफ फूरिए याने मांडलं, त्याचं पुस्तक १८२२ सालचं. लोखंडी सळईचं एक टोक तापवलं तर दुसरं टोक किती वेळात किती तापेल, हे त्याने सांगता येतं. पण जिवंत शरीर म्हणजे सळई नव्हे. त्यातून रक्त वाहत असतं. तापलेल्या दगडावरून पाटाचं पाणी सोडलं तर दगड जसा निवतो, तसं रक्त उष्णता घेऊन पुढे जातं. फूरिएच्या समीकरणात या पाण्याला जागा नव्हती.

ती जागा करून दिली हॅरी पेन्स नावाच्या अमेरिकन डॉक्टराने, १९४८ साली. त्याने केलेला प्रयोग ऐकायला जरा अंगावर काटा आणणारा आहे. निवांत पडलेल्या माणसाच्या कोपराखालच्या हातातून त्याने एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत बारीक तार आरपार ओवली. तारेत थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सांधा. तार थोडीथोडी सरकवत गेलं की कातडीपासून हाताच्या गाभ्यापर्यंतचं तापमान टप्प्याटप्प्याने कळतं. गाभा गरम, कातडी थंड, मधला उतार कसा आहे ते त्याने नोंदवलं. आणि तो उतार समजावून सांगण्यासाठी फूरिएच्या समीकरणात एक पद जोडलं : रक्त दर सेकंदाला किती येतं, आणि येणारं रक्त ऊतीपेक्षा किती गरम किंवा थंड आहे, यांचा गुणाकार. त्यामागचं गृहीतक असं की रक्त केशवाहिन्यांपर्यंत आपल्या मूळ तापमानाने येतं, तिथे ऊतीशी पूर्णपणे समतापी होतं आणि निघून जातं. रक्त कोणत्या दिशेने आलं, मोठ्या नळीतून आलं की बारीक, याचा हिशेब नाही.

हे गृहीतक ढोबळ आहे हे उघड आहे, आणि पुढे त्यावर टीकाही खूप झाली. १९७४ साली वुल्फ याने दिशेचा मुद्दा काढला. १९८० साली चेन आणि होम्स यांनी दाखवलं की रक्ताची उष्णतेची देवाणघेवाण केशवाहिन्यांपर्यंत पोचण्याच्या आधीच, थोड्या मोठ्या वाहिन्यांमध्ये बरीचशी उरकलेली असते. १९८५ साली वाइनबॉम आणि जिजी यांनी शेजारी शेजारी उलट दिशेने वाहणाऱ्या रोहिणी-नीलांच्या जोड्यांवर आधारलेलं वेगळं समीकरण मांडलं. गंमत म्हणजे १९९८ साली विस्लर याने पेन्सचे जुने आकडे पुन्हा काटेकोरपणे तपासले, आणि तसं तपासल्यावर ते पेन्सच्याच समीकरणाला आधार देतात असं दाखवलं. टीका होत राहिली आणि समीकरण टिकून राहिलं. कारण व्यवहारी आहे : त्यात एकच नवा आकडा लागतो. बाकीच्या समीकरणांना प्रत्येक रक्तवाहिनीचा नकाशा लागतो, तो कुठून आणायचा?

तर तापमान मिळालं. पण अमुक तापमान म्हणजे पेशी मेली का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचं उत्तर अमेरिकेतच मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी शोधलं, त्यांचे निबंध १९४७ सालचे. डुकराची आणि माणसाची कातडी वेगवेगळ्या तापमानाला वेगवेगळा वेळ तापवून त्यांनी पाहिलं. ४४ अंश सेल्सिअसला कातडी कायमची भाजायला सुमारे सहा तास लागतात. त्यापुढे साधारण ५१ अंशांपर्यंत एकेक अंश वाढवला की लागणारा वेळ जवळजवळ निम्मा होतो. या निम्म्या होण्याला आधार आहे तो स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८८९ साली रासायनिक क्रियांच्या वेगाबद्दल मांडलेल्या सूत्राचा. साखरेच्या विघटनाच्या अभ्यासातून आलेलं सूत्र भाजलेल्या कातडीला लागू पडलं.

१९८४ साली सापारेटो आणि ड्यूई यांनी यातून एक हिशेबाचं माप तयार केलं : कोणत्याही तापमानाला घालवलेला वेळ ४३ अंशांच्या किती मिनिटांबरोबर आहे ते काढायचं. २४० मिनिटं भरली की ऊती मेली, असं पुष्कळदा धरतात. तुम्ही स्वतः करून बघा. ४३ ला २४० मिनिटं, ४४ ला १२०, ४५ ला ६०. असं जात जात ५० अंशांना दोन मिनिटांहूनही कमी. आणि ६० अंशांना सेकंदाचा दहावा भाग. म्हणूनच गाठ जाळणारे डॉक्टर ६० अंशांची सीमारेषा शोधतात. तिच्या आत असलेलं सगळं तत्क्षणी मरतं.

आता आपल्या हातात दोन वस्तू आहेत : पेन्सचं समीकरण आणि मरणाचा हिशेब. पण हे समीकरण गाठीसारख्या वेड्यावाकड्या आकारात कागदावर सुटत नाही. आकाराचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यासाठी सोपं गणित मांडायचं आणि हजारो तुकडे एकदम सोडवायचे, ही युक्ती विमानाच्या पंखांवरचा ताण मोजणाऱ्या इंजिनिअरांकडून आली. रे क्लफ याने १९६० साली तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिलं. विद्युतचुंबकीय लहरींसाठी अशीच पण वेगळी रीत १९६६ साली यी याने दिली. या रीती कॅन्सरसाठी पहिल्यांदा गंभीरपणे वापरल्या गेल्या त्या हायपरथर्मियामध्ये. तिथे जाळायचं नसतं, ४२-४३ अंशांवर गाठ तापवून किरणोपचाराला मदत करायची असते. रोमर आणि सेटास यांनी १९८४ सालीच एका निबंधात लिहिलं की असं प्रतिरूप उपचाराआधी नियोजनाला, उपचार चालू असताना आणि नंतर काय घडलं ते समजून घ्यायला, असं निरनिराळ्या टप्प्यांवर वापरता येईल. वाचताना वाटतं, चाळीस वर्षं झाली आणि आपण अजून त्यातल्या पहिल्याच टप्प्यावर रेंगाळतो आहोत.

जाळण्याची सुई आली १९९० साली. अमेरिकेत मॅकगहान आणि इटलीत रोस्सी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, रेडिओफ्रिक्वेन्सीची वीज सुईतून यकृतात सोडून ठरावीक भाग मारता येतो हे दाखवलं. इतक्या जास्त वारंवारतेची वीज शरीरातून गेली तरी स्नायूंना झटका बसत नाही, हे फ्रान्सच्या द’आर्सोनव्हालने १८९१ सालीच दाखवलं होतं. वीज ऊतीतून जाते, ऊती विरोध करते, विरोधातून उष्णता निर्माण होते. यकृत यासाठी उत्तम. भरीव, ओलं, सगळीकडे जवळपास सारखं. २००० च्या आसपास विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मंडळींनी यकृतातल्या या सुईची त्रिमितीय प्रतिरूपं संगणकावर केली, आणि ती प्रयोगाशी बऱ्यापैकी जुळली. पेन्सचा हात आणि यकृत यांत तसं फार मोठं अंतर नव्हतं.

मग ही सुई फुप्फुसात गेली. २००० साली डुपुई आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसातल्या गाठींवर हा उपचार केलेल्या पहिल्या तीन रोग्यांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यानंतर हा उपचार भराभर पसरला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात १०६ रोगी आणि १८३ गाठी होत्या, सगळ्या साडेतीन सेंटिमीटरपर्यंतच्या. ज्यांचा पाठपुरावा करता आला त्यांतल्या ८८ टक्क्यांत वर्षभर तरी गाठ पूर्ण आटोक्यात राहिली. आकडा चांगला आहे. पण त्याच सुमारास, २००७ च्या अखेरीस, अमेरिकेच्या औषध नियामकाने डॉक्टरांना सूचना काढली होती : ही यंत्रं फुप्फुसाच्या गाठी नष्ट करण्यासाठी म्हणून खास मंजूर झालेली नाहीत, आणि अशा वापरानंतर मृत्यूंच्या नोंदी आल्या आहेत. मृत्यूंमागे रोग्यांची निवड, डॉक्टरांचा सराव अशी बरीच कारणं असू शकतात, ते सगळं गणिताच्या माथी मारता येणार नाही. पण एवढं खरं की यकृतात मुरलेलं साधन आणि यकृतात मुरलेला अंदाज घेऊन लोक एका वेगळ्याच अवयवात शिरले होते.

वेगळा म्हणजे किती? इथे जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम इथेच आहे.

श्वास भरलेल्या फुप्फुसाचं एक घनमीटर वजन केलं तर सुमारे ४०० किलो भरेल. हवा गेलेलं, मिटलेलं फुप्फुस साधारण १०५० किलो. म्हणजे एकाच अवयवाचे दोन पदार्थ झाले, आणि दर श्वासाला तो या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी हलत असतो. रेडिओफ्रिक्वेन्सीची वीज भरलेल्या फुप्फुसातून मिटलेल्याच्या निम्म्याहून कमी सहजतेने जाते. उष्णताही मंद पसरते, कारण हवा उष्णतेला अडवते. गोधडी ऊब देते ती काही कापडामुळे नाही, थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. फुप्फुसातली गाठ ही गोधडीत गुंडाळलेला गरम दगड आहे. वीज गाठीतच कोंडते, उष्णता गाठीतच राहते. सुरुवातीला डॉक्टरांना हे वरदान वाटलं, आणि गाठीपुरतं ते आहेच. गाठ झटकन तापते.

पण कर्करोग गाठीच्या कडेला संपत नाही. शस्त्रक्रियेत काढलेल्या फुप्फुसांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून फ्रान्समध्ये जिरो आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की ९५ टक्के रोग्यांमध्ये पसरलेल्या पेशी कवेत घ्यायच्या तर ॲडेनोकार्सिनोमाभोवती ८ मिलिमीटर आणि स्क्वॅमस प्रकाराभोवती ६ मिलिमीटर जागा सोडावी लागते. हे काम किरणोपचारासाठी केलं होतं, पण जाळणाऱ्यालाही तेच लागू. आणि ती ६ ते ८ मिलिमीटर म्हणजे नेमकी गोधडीची जागा! जिथे उष्णता न्यायची आहे तिथेच हवा बसली आहे. गाठीला आणि तिच्या भोवतालाला एकच आकडा लावलेलं प्रतिरूप पडद्यावर छान गोल लाल फुगा दाखवतं, आणि प्रत्यक्षात तो फुगा कडेला रोडावलेला असतो. आमच्या मते या सगळ्या इतिहासात रोग्याच्या दृष्टीने सर्वांत महाग पडू शकणारी चूक हीच आहे, आणि ती संगणकाची नाही. संगणकाला जे सांगितलं ते त्याने केलं.

दुसरी अडचण रक्ताची. हृदयातून मिनिटाला बाहेर पडणारं सगळं रक्त, विश्रांतीत सुमारे ५ लिटर, फुप्फुसातून जातं. हातातून जातो तो त्याचा लहानसा हिस्सा. वर त्या रक्ताच्या वाहिन्या मोठ्या आहेत. गाठीला लागून ३ मिलिमीटरपेक्षा जाड वाहिनी असेल तर उपचार फसण्याची शक्यता वाढते, हे रोग्यांच्या पाठपुराव्यातून दिसलं आहे. पेन्सचं पद रक्त सगळीकडे सारखं झिरपतंय असं धरतं, वाहिनीच्या कडेला जिवंत राहिलेली पेशींची पट्टी त्याला दिसतच नाही. म्हणून अलीकडची प्रतिरूपं मोठ्या वाहिन्या सीटी स्कॅनमधून वेगळ्या काढतात, वाहत्या नळ्या म्हणून मांडतात, आणि बारीक वाहिन्यांपुरताच पेन्सला ठेवतात.

तिसरं म्हणजे तापवता तापवता पदार्थच बदलतो. १०० अंशांजवळ पाण्याची वाफ होते, मांस करपतं, करपलेल्यातून वीज जात नाही आणि रेडिओफ्रिक्वेन्सीची सुई स्वतःच स्वतःचा रस्ता बंद करते. भोवतीच्या वायुकोशांत द्रव आणि रक्त उतरतं, म्हणजे हवा जाऊन ओल येते, म्हणजे वाहकता वाढते. रक्ताच्या केशवाहिन्या भाजून बंद होतात, म्हणजे थंडावा कमी होतो. शिवाय मांस आकसतं, आणि फुप्फुस यकृतापेक्षा जास्त आकसतं. उपचारानंतर स्कॅनवर गाठीभोवती धुरकट काचेसारखं वलय दिसतं, पण त्या वलयाची बाहेरची कड मेलेलीच असते असं नाही. आणि आत आकसलेल्या भागावरून आधी किती जळलं ते मागे मोजावं लागतं. चांगल्या प्रतिरूपात प्रत्येक तुकड्याचे आकडे दर क्षणी बदलते ठेवतात. त्याला वेळ लागतो, आणि त्याहून जास्त लागतात मोजलेले आकडे.

मायक्रोवेव्हने यातला काही भाग सोपा केला. तिथे वीज वाहावी लागत नाही, सुईच्या टोकाशी अँटेना असते आणि लहर थेट पाण्याच्या रेणूंना हलवते. घरच्या ओव्हनमध्ये २.४५ गिगाहर्ट्झची लहर असते, बऱ्याच उपचार-यंत्रांतही तीच. करपलेल्यातून आणि हवेतूनही ती जाते. २००९ साली डुकरांच्या फुप्फुसावर केलेल्या तुलनेत मायक्रोवेव्हने जळलेला भाग रेडिओफ्रिक्वेन्सीपेक्षा मोठा आला. पण आपली गोधडी इथेही हजर आहे. हीच लहर मोकळ्या हवेत सुमारे १२ सेंटिमीटर लांब, भरलेल्या फुप्फुसात सुमारे २.७, मिटलेल्या फुप्फुसात १.८. अँटेना एका लांबीसाठी बनवलेली असते. यकृतासाठी बेतलेली अँटेना फुप्फुसात बेसूर होते, थोडी ऊर्जा दांड्याकडे परत फिरते. हे आकडे मिळाले ते गॅब्रिएल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ऊतींच्या विद्युत गुणधर्मांच्या कोष्टकांमुळे. त्यात फुप्फुसाच्या दोन नोंदी आहेत, भरलेलं आणि मिटलेलं. जगभरची प्रतिरूपं अजून त्याच कोष्टकांवर उभी आहेत. श्वासनलिकेतून, म्हणजे ब्रॉन्कोस्कोपने, अँटेना आत नेण्याचे प्रयत्न कॅन्सस स्टेट विद्यापीठासारख्या ठिकाणी झाले आहेत, आणि तिथे अँटेना आधी संगणकावर घडवल्या, मग धातूत.

पडताळणीचं काय? मेलेल्या जनावराच्या फुप्फुसात रक्त वाहत नाही आणि ते मिटतं. म्हणजे नेमक्या ज्या दोन गोष्टींनी घोळ घातला त्या दोन्ही प्रयोगातून गायब. जिवंत डुकरात दोन्ही असतात, पण डुकराला माणसासारखी गाठ नसते, आणि सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने झिजलेलं फुप्फुसही नसतं. युरोपीय संघाच्या पैशातून आधी यकृतासाठी ‘इम्पॅक्ट’ आणि मग इतर अवयवांनाही कवेत घेणारा ‘गो-स्मार्ट’ असे प्रकल्प झाले, त्यांत रोग्याच्या स्वतःच्या स्कॅनवरून प्रतिरूप करण्याचा प्रयत्न होता. २०१८ साली अमेरिकेच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने वैद्यकीय उपकरणांच्या संगणकीय प्रतिरूपांवर किती विश्वास ठेवायचा हे ठरवण्याची पद्धत प्रमाणित केली. तिचं तत्त्व साधं आहे : ज्या निर्णयासाठी प्रतिरूप वापरायचं तो चुकला तर किती नुकसान होईल, त्या मानाने पुरावा मागायचा. अँटेनाचा आकार ठरवायला एक पुरावा पुरेल. अमक्या बाईंच्या उजव्या फुप्फुसात सुई कुठे आणि किती मिनिटं ठेवायची, हे ठरवायला तेवढा पुरणार नाही.

दवाखान्यात मात्र सुई हातात घेतलेल्या डॉक्टरसमोर बहुतेक वेळा असतो तो यंत्राबरोबर आलेला तक्ता : इतके वॅट, इतकी मिनिटं, इतका मोठा जळलेला भाग. असे तक्ते पुष्कळदा कापून आणलेल्या गाई-बैलांच्या यकृतावर प्रयोग करून काढलेले असतात. त्यात रक्त नाही, श्वास नाही, हवा नाही. अनुभवी डॉक्टर त्यातून आपल्या मनाने वजाबाकी करतात, सुई दोनदा-तीनदा जागा बदलून ठेवतात आणि महिन्याने पुन्हा स्कॅन काढतात.

वेळ झाली आहे, इथे थांबू. प्रश्नांसाठी वीस मिनिटं ठेवली आहेत, मागच्या रांगेपासून सुरुवात करू.